ओतिन-आईंनी उचललेले तुकडे

जवळ या. अशा दाराशी बसू नका, तिथे वारा लागतो. रजईचं टोक पायावर ओढून घ्या आणि चहाची वाटी हातात धरा, म्हणजे बोटं उबदार राहतील. आज तुम्हाला दोन बोटांचीच गोष्ट सांगते. हाताच्या नव्हे, पायाच्या.

मर्गिलान शहराजवळच्या आमच्या मोहल्ल्यात रिसोलत-ओतिन राहायच्या. बायकांच्या मेळ्यात बसून जी गाऊन धर्म सांगते, तिला आम्ही ओतिन म्हणतो. कोणाकडे बारसं असो, गेलेल्याचा चाळिसावा दिवस असो, नाहीतर नुसताच गुरुवार असो, ओतिन-आई पांढरा रुमाल बांधून दस्तरखानाच्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या कापडाच्या, वरच्या टोकाला बसायच्या आणि पद उचलायच्या. आवाज म्हणाल तर गोड नव्हता. जरा खरखरीत, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. पण त्या आवाजाने पहिली ओळ घेतली की चहा ओतणारीचा हात थांबायचा. मधेच गाणं थांबवून त्या अर्थ सांगायच्या, सांगता सांगता एखादी कोपरखळी मारायच्या, आणि आम्ही हसत असतानाच पुढच्या ओळीने डोळ्यांत पाणी आणायच्या.

मी इनोयत, रजया शिवणारी, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. माझा नवरा गेला त्या वर्षी मला कोणाशी बोलवत नव्हतं. तेव्हा मी त्यांच्या मागून घरोघरच्या मेळ्यांना जायची, कपबशा विसळायची आणि ऐकायची. त्या ऐकण्याने मला उभं केलं. खुदाने मला दिलेल्या गोष्टी मोजायला बसले, तर हा शेजार मी पहिल्या बोटावर धरीन.

तर हिवाळ्यातले दिवस होते, मोहल्ल्यातल्या झेबिनिसो-आपाच्या घरी मेळा होता. गॅसचा जोर कमी, म्हणून तिने संदली लावली होती. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, वर बुटकं मेज, मेजावर रजई, आणि चारी बाजूंनी सगळ्यांचे पाय आत. ओतिन-आई गात होत्या. तेवढ्यात झेबिनिसो-आपा माझ्या कानाला लागली, "इनोयत, तुझी रजई जळकट वास मारतेय. कसला कापूस भरलास गं?"

मी रजई उचलून पाहिलं. ओतिन-आईंचा उजवा पाय निखाऱ्यांच्या कडेला टेकलेला होता. लोकरी मोजा जळून कातडीला चिकटला होता, शेवटच्या दोन बोटांवर. आणि बाई गातच होत्या. आमचे चेहरे पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "काय झालं? ओळ चुकले का?"

त्यांना कळलंच नव्हतं. पाय जळत होता आणि त्याची खबर त्यांना नव्हती.

दवाखान्यातली नर्स मुकर्रम धावत आली. बारीक अंगाची, तिशीची, बोलणं हळू. तिने मोजा भिजवून सोडवला, पट्टी बांधली, मग ओतिन-आईंच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला दाखवला. आमच्याकडच्या त्या यंत्रावर जेवणाआधी आकडा सातच्या खाली आला तर नर्स हसते. ओतिन-आईंचा आला सतरा.

साखरेचा आजार त्यांना होता हे आम्हाला ठाऊक होतं. मोहल्ल्यात निम्म्या बायकांना आहे, मलाही आहे. कपाटात गोळ्यांची पाकिटं असतात, आठवण झाली की घ्यायच्या. पण आठ दिवसांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांनी ती जखम पाहिली आणि स्पष्टच सांगितलं, "साखर अशीच राहिली तर ही भरणार नाही. नवरोजपर्यंत बघतो. तोवर सुधारली नाही तर दोन्ही बोटं काढावी लागतील, आणि मग पुढे कुठे थांबेल ते मी सांगू शकत नाही."

नवरोजला, वसंतातल्या आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, सहा आठवडे होते.

परतीच्या वाटेवर मुकर्रम म्हणाली, "ओतिन-आई, मी दवाखान्यात दर मंगळवारी साखरेच्या आजाराचा वर्ग घेते. कसं खायचं, कसं चालायचं, पाय कसे सांभाळायचे. तुम्ही याल?"

"पोरी, मी चाळीस वर्षं शिकवतेय. आता तुझ्यासमोर पाटी घेऊन बसू?"

"मी तरी कुठे कोणाला शिकवते? वर्गात कोणी येतच नाही," मुकर्रम म्हणाली. "तीन महिने झाले, खुर्च्या मांडते आणि उचलून ठेवते."

रिकाम्या जागेपुढे बोलण्याचं दुःख ओतिन-आईंना कळत असावं. घर आल्यावर म्हणाल्या, "दवाखान्यात नको. माझ्या मेळ्यात ये. मी गाऊन झाले की तू बोल. मी बसले तर बाकीच्या बसतील."

असा तो वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी मुकर्रमने विचारलं, "साखर कोणी कोणी सोडली आहे?" सगळ्यांचे हात वर. झेबिनिसो-आपाचे तर दोन्ही हात.

"मग चहात काय घालता?"

"खडीसाखर," झेबिनिसो-आपा म्हणाली. "ती औषध. सर्दीला देतात, बाळंतिणीला देतात."

"आणि?"

"वाळलेली तुती. मूठभर बेदाणे. ती झाडाची फळं, कारखान्यात थोडीच होतात?"

मुकर्रम हसली नाही. तिने दोन वाट्यांत गरम पाणी घेतलं, एकीत चमचाभर साखर टाकली, दुसरीत खडीसाखरेचा खडा, आणि दोन्ही विरघळेपर्यंत आम्हाला ढवळायला लावलं. मग म्हणाली, "चाखा, आणि कोणती कुठली ते सांगा." झेबिनिसो-आपाने तीनदा चाखलं. "मेली दोन्ही सारखीच लागतात," ती म्हणाली. "चार वर्षं मी औषध म्हणून विष पितेय तर."

"विष नाही, आपा. साखरच. नाव वेगळं."

तिची शिकवण्याची रीत मला आवडली. अमुक पाप आहे, तमुक बंद करा असं ती कधी म्हणाली नाही. जे आमच्या हाताशी होतं त्यातूनच सांगायची. पलाव, म्हणजे आमचा मांसाचा भात, खायचा तर आपल्या मुठीएवढा, आणि शेजारी मुळा-काकडी दुप्पट. जेवण झाल्यावर लवंडायचं नाही, कालव्यापर्यंत चालून यायचं. गोळी पहाटेच्या नमाजानंतरच्या न्याहारीला बांधून टाकायची, म्हणजे नमाज चुकत नाही तशी गोळी चुकत नाही. आणि पायांबद्दल म्हणाली, "दिवसातून पाच वेळा तुम्ही नमाजाआधी वजू करताना पाय धुता. जगात इतके पाय कोण धुतं? एवढंच करा, त्यातल्या एकदा नीट बघा. बोटांच्या बेचक्यात पुसून कोरडं करा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा. पाणी गरम आहे का ते पायाने नाही, कोपराने बघा. पाय आता तुम्हाला खरं सांगत नाहीत."

हे ऐकून ओतिन-आईंनी मान डोलावली. "वजूतलं हे मला कोणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. इतक्या मोठ्या बाईने इतक्या सहज म्हणावं. मी मनातल्या मनात दोघींना नमस्कार केला.

तीन आठवडे झाले. माझा आकडा अकरावरून आठवर आला. झेबिनिसो-आपाचासुद्धा उतरला आणि ती ते रस्त्यात लोकांना थांबवून सांगू लागली. ओतिन-आईंचा मात्र सोळा. त्या गोळ्या वेळेवर घेत होत्या, चहा बिनसाखरेचा पीत होत्या, पलाव मुठीएवढाच घेत होत्या. जखम ओली ती ओलीच. बोटांभोवतीची कातडी काळसर दिसू लागली होती.

मंगळवारी आकडा पुन्हा सोळा आला तशी झेबिनिसो-आपा हळूच पुटपुटली, पण तिचं हळू म्हणजे अंगणापर्यंत ऐकू जाईल असं. "घरी गेल्यावर हलव्याचा डबा उघडत असतील. माणूसच आहे."

ओतिन-आईंचा चेहरा उतरला. "झेबिनिसो, चाळीस वर्षं तुम्हाला खोटं बोलू नका म्हणून सांगतेय. एका घासासाठी खोटं बोलीन मी?"

मग मुकर्रम म्हणाली, "ओतिन-आई खोटं बोलत नाहीत आणि यंत्रही खोटं बोलत नाही. म्हणजे मीच काहीतरी विचारायचं विसरले. ओतिन-आई, एक दिवस मला तुमच्या मागे बसू द्या. मी काही बोलणार नाही."

त्या एका शब्दाने, विश्वासाच्या त्या शब्दाने, म्हाताऱ्या बाईचे ताठरलेले खांदे सैल पडले. म्हणाल्या, "ये की. गुरुवारी दोन घरी आहे."

गुरुवारी आम्ही तिघी निघालो. ओतिन-आई काठी टेकत, पायात मऊ फाटका बूट. पहिल्या घरी दस्तरखान पसरलेलं, यजमानिणीने तंदूरच्या दोन जाडजूड रोट्या तोडून तुकडे सगळ्यांपुढे टाकले. आणखी बायका आल्या तशा आणखी दोन तोडल्या. आमच्याकडे पाहुण्यापुढे रोटी तोडली नाही तर दार उघडलंच नाही असं धरतात. ओतिन-आईंनी शोरब्याची अर्धी वाटी घेतली आणि एक तुकडा. गाणं झालं, हात पसरून दुवा झाली, तोंडावरून हात फिरवून बायका उठल्या. मी नेहमीसारखी वाट्या गोळा करू लागले.

आणि ओतिन-आई नेहमीसारख्या तिथेच बसून राहिल्या. त्यांनी दस्तरखान आपल्याकडे ओढलं. अर्धवट खाल्लेले, कुरतडलेले, चुरगळलेले तुकडे एक एक करून उचलले आणि खाल्ले. सावकाश, ओठांशी 'बिस्मिल्ला' म्हणत. शेवटी चुरा तळहातावर घेतला आणि तोही तोंडात टाकला. मी हे इतकी वर्षं बघत आले होते, की ते माझ्या डोळ्यांना दिसायचंच बंद झालं होतं.

दुसऱ्या घरीही तेच.

परत आल्यावर मुकर्रमने विचारलं, "ओतिन-आई, आज काय काय खाल्लं?"

"दोन घरी मिळून एक वाटी शोरबा. दोन तुकडे रोटी."

"आणि शेवटी जे तुकडे?"

"ते खाणं नव्हे, पोरी. ते उचलणं." त्यांना प्रश्नाचं खरंच नवल वाटलं होतं. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, तोडलेली रोटी दस्तरखानावर राहिली तर घरातली बरकत रुसते. सगळ्यांत वडील बाईने ती संपवायची. तेव्हा सासूबाई संपवायच्या. आता वडील मी."

पुढच्या मेळ्याला मुकर्रमने त्यांच्या हाती एक स्वच्छ रुमाल दिला. "आज तोंडात नको. फक्त या रुमालात उचला." झेबिनिसो-आपा बाजारात जर्दाळू विकते, तिचा काटा आणला. रुमाल पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात अख्खी रोटी ठेवली, काटा हलेना. अजून अर्धी ठेवली तेव्हा दोन्ही पारडी समोरासमोर आली.

"एका घरची दीड रोटी," झेबिनिसो-आपा म्हणाली. आवाज पहिल्यांदाच हळू निघाला तिचा. "आणि मी हलव्याच्या डब्याचं म्हणत होते. ओतिन-आई, माझी जीभ जळो."

"जळायला नको, उपयोगी पडते कधीकधी," ओतिन-आई म्हणाल्या, पण त्यांची नजर पारड्यावर होती. "म्हणजे दोन घरं झाली की तीन रोट्या, आणि मला माहीत नाही."

"रोटीही पोटात गेल्यावर साखरच होते," मुकर्रम म्हणाली. "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तुम्ही तर दोनच तुकडे खात होता. चूक माझी. मी खाण्याबद्दल विचारलं, उचलण्याबद्दल नाही."

"आता काय करायचं म्हणतेस?"

"तुकडे उचलणं बंद."

ओतिन-आईंनी मान हलवली. "हलवा सोडला, जर्दाळू सोडला, सोडीन म्हणशील ते. पण रोटी दस्तरखानावर टाकून उठायचं? उद्या ती उकिरड्यावर जाईल, पायाखाली येईल. त्यापेक्षा बोटं गेलेली बरी. बोटं माझी आहेत. रोटी खुदाची आहे."

मला वाटलं, आता ही पोर वाद घालील. तिने घातला नाही. काटा गुंडाळत म्हणाली, "धर्म तुम्ही सांगायचा, ओतिन-आई. मी आकडा सांगते, तेवढंच माझं काम. नवरोजला अठरा दिवस आहेत." आणि गेली.

दोन दिवस भिंतीपलीकडून मला ओतिन-आईंचं गुणगुणणं ऐकू यायचं, तीच ओळ पुन्हा पुन्हा, कुठेतरी अडखळून. पद बांधत होत्या. तिसऱ्या दिवशी झेबिनिसो-आपाकडे मेळा होता, आणि तिथे त्यांनी ते गायलं. सगळं मला आठवत नाही, या दोन ओळी मात्र मनात बसल्या आहेत:

*भुकेल्याच्या मुखी पडली, हाच रोटीचा मान,*
*भरल्या पोटी लोटली तर तिचाच अपमान.*

मग गाणं थांबवून त्या बोलू लागल्या. "बायांनो, मी चुकले. रोटीचा मान राखतेय असं मला वाटायचं, आणि मी तिला आजारी पोटात कोंबत होते. गहू पेरणाऱ्याने, दळणाऱ्याने, तंदूरशी हात भाजणाऱ्याने ती कोणासाठी केली? भूक लागलेल्यासाठी. माझ्या पोटात भूक नव्हती, नुसती सवय होती. सवयीला मी इबादत, खुदाची भक्ती, म्हणत होते." त्या जरा थांबल्या. "आजपासून एक रोटी संपल्याशिवाय दुसरी तोडायची नाही. आणि जिच्यापुढचे तुकडे उरतील तिने आपल्या रुमालात बांधून घरी न्यायचे. सकाळी चहात बुडवा, शोरब्यात टाका, मेंढीला द्या. दस्तरखानावर काही राहणार नाही आणि माझ्या पोटातही जाणार नाही."

झेबिनिसो-आपा कुरकुरली, "एकेक रोटी तोडली तर लोक म्हणतील, झेबिनिसो कंजूस झाली."

"म्हणू देत. म्हणणाऱ्यांच्या पायाला सगळी बोटं आहेत."

बायका हसल्या आणि रुमाल निघाले. पण सगळ्या तुकडे बांधत असताना मी ओतिन-आईंकडे पाहत होते. त्यांच्यासमोर एक तुकडा राहिला होता. हात आपोआप पुढे गेला, तुकड्यावर टेकला, आणि तिथेच थांबला. चाळीस वर्षांचा हात तो, एका पदाने कसा ऐकेल? शेवटी त्यांनी तुकडा उचलला, कपाळाला लावला, आणि शेजारी बसलेल्या झेबिनिसो-आपाच्या नव्या सुनेच्या रुमालात ठेवला. "ने, सूनबाई. तुझं वय आहे खायचं." त्या वेळी मला वाटलं, गाण्यापेक्षा हेच त्यांचं मोठं प्रवचन.

त्यानंतर दर दोन दिवसांनी मुकर्रम सुई टोचायला यायची. चौदा. बारा. मधेच पुन्हा तेरा, तेव्हा ओतिन-आईंनीच कबूल केलं की एका चाळिसाव्याला हात आवरला नाही. मुकर्रम म्हणाली, "सांगितलंत ना, मग झालं." डॉक्टरांनी एक गोळी बदलली. मग दहा. नवरोजच्या चार दिवस आधी साडेआठ.

डॉक्टरांकडे मीही गेले होते. ओतिन-आईंच्या ओठांची हालचाल चालू होती, जप असावा. डॉक्टरांनी पट्टी सोडली, चष्मा खाली केला, चिमट्याने कडा दाबून पाहिल्या. कातडी गुलाबी होती. काळेपणा मागे सरला होता आणि जखमेच्या कडा एकमेकींकडे येत होत्या.

"भरतेय ही," डॉक्टर म्हणाले. "कापायची गरज नाही. पट्टी चालू ठेवा, अजून महिनाभर. हे एकट्या औषधाने झालेलं नाही. काय केलंत?"

ओतिन-आई मुकर्रमकडे बघून म्हणाल्या, "हिच्याकडे शिकले."

बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून रेशमी अत्लसचा तागा काढला, सणाच्या झग्यापुरता, आणि तो मुकर्रमच्या हातात कोंबला. तिने दोन्ही हातांनी परत केला. "घेत नाही. तुम्हाला द्यायचंच असेल तर एक मागते."

"माग."

"माझी आई ओयसनम. तिलाही हाच आजार होता. आमच्या गावात शिकवणारं कोणी नव्हतं, तिला वाटायचं पाय थंडीने बधिर होतात. आधी बोटं गेली, मग पाय, मग ती. मी तेव्हा शाळेत होते. म्हणून नर्स झाले, म्हणून खुर्च्या मांडत राहिले. तुमच्या दुवेत तिचं नाव घ्याल?"

ओतिन-आईंनी तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर, माणसांच्या येण्याजाण्यात हात पसरले. मीही पसरले. मुकर्रम लहान मुलीसारखी रडली.

त्या दिवसापासून आमच्या मेळ्यात दर वेळी शेवटी ओयसनमचं नाव घेतात, तिला कधी न पाहिलेल्या बायका घेतात. ओतिन-आई अजून गातात, आणि मेळ्याहून मेळ्याला आपल्या दोन्ही पायांवर चालत जातात. दवाखान्यातल्या मंगळवारच्या वर्गाला आता खुर्च्या कमी पडतात, बायका जमिनीवर बसतात.

तुम्हीही आज हात पसराल तेव्हा, किंवा तुमच्या रीतीने देवापुढे बसाल तेव्हा, एकदा त्या बाईचं नाव घ्या. ओयसनम. तिला कोणी शिकवलं नाही, आणि तिच्या लेकीने आम्हाला शिकवलं.